ताटलीतला दुसरा तारा

१

पडदा ओढायचा, दिवा लावायचा, ताटली समोर घ्यायची. गेली बावीस वर्षं वहिनींची दुपार अशीच सुरू होत आली होती. जेवणं उरकली, भांडी पालथी घातली की त्या बाहेरच्या खोलीत येत, खिडकीचा जाड काळा पडदा कडेपर्यंत ओढत, त्याची खालची कड विटेखाली दाबत आणि लांब मानेचा छोटा दिवा लावून कामाला बसत.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. लग्न होऊन आल्या त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांनी त्यांना वहिनी म्हटलं, मग गल्लीने म्हटलं, आणि आता खड्यांच्या बाजारातही त्यांना याच नावाने ओळखत. त्यांच्या यजमानांना बाजार उस्ताद म्हणे. उस्ताद खडे घासायचे, वहिनी पारखायच्या. दोघांची बाकं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. "एकमेकांकडे पाठ करून बसलेलं इतकं सुखी जोडपं दुसरं सापडायचं नाही," असं उस्ताद आल्यागेल्याला सांगत.

त्यांचे खडे खाणीतले नव्हते. कारखान्यात भट्टीच्या तोंडाशी बारीक पूड ज्योतीतून खाली पडत राहते, वितळून थरावर थर चढतो आणि मेणबत्तीएवढी निळी नाहीतर लाल कांडी तयार होते. ती पुन्हा भट्टीत मुरवली की तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया पसरतात. उस्ताद ती कांडी कापत, तुकडा काडीवर लाखेने चिकटवत आणि ओल्या चाकावर घासून त्याला गोल घुमट आणत. त्या घुमटावर दिवा धरला की सहा रेघांचा पांढरा तारा उमटे. दिवा डावीकडे नेला की तारा डावीकडे सरके, उजवीकडे नेला की उजवीकडे. सोनार मग हे खडे अंगठ्यांत, लोलकांत, कानातल्यांत बसवत.

"कारखान्यातला, म्हणजे खोटाच ना?" कुणी नाक मुरडलं की वहिनी विचारत, "दवाखान्यात जन्मलेलं मूल खोटं असतं का हो?"

त्यांचं काम म्हणजे तारा तपासणं. तो मधोमध हवा, सहाही रेघा सरळ आणि काठापर्यंत पोचलेल्या हव्यात. त्यासाठी अंधार लागतो आणि दिवा एकच लागतो. एक दिवा, एक तारा. दोन दिवे असले तर त्याच खड्यात दोन तारे दिसतात. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं, "खड्याला अक्कल काही नसते, पण खोलीत दिवे किती आहेत हे तो कधी चुकीचं सांगत नाही."

तीन आठवड्यांपूर्वी वहिनी सोनारांकडे माल पोचवायला गेल्या होत्या. परत आल्या तर दारात रुग्णवाहिका उभी. उस्तादांचं हृदय चाकासमोर बसल्या बसल्या थांबलं होतं. मदत येईपर्यंत शिंपीदादांनी त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत ते कसंबसं चालतं ठेवलं. "अजून चार मिनिटं गेली असती तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते," डॉक्टरीणबाई वहिनींना म्हणाल्या होत्या.

उस्तादांना घरी येऊन आज अकरावा दिवस होता. या अकरा दिवसांत वहिनी कशाकशाचे आभार मानत होत्या याला धरबंध नव्हता. जिन्याचा कठडा हातात आला की कठड्याचे, दूध उतू जाता जाता राहिलं की गॅसच्या बटणाचे. सकाळी आतल्या खोलीतून उस्तादांचा खाकरण्याचा आवाज आला, ज्याच्यावर त्या बावीस वर्षं करवादल्या होत्या, की त्या ओट्यापाशीच डोळे मिटून मनात म्हणत, मिळालं हो, आजचंही मिळालं.

२

त्या दुपारी ताटलीत काळ्या मखमलीवर चोवीस निळे खडे होते. सहा-सहाच्या चार ओळी, सगळे लोलकांसाठी. वहिनी चिमट्याने एकेक उचलून दिव्याखाली धरत होत्या. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्याची एक रेघ वाकडी होती, तो बाजूला गेला. सहाव्यापर्यंत काही विशेष घडलं नाही.

मग आतल्या खोलीचं दार वाजलं. उस्ताद पांघरूण खांद्यावर घेऊन बाहेर आले आणि आपल्या खुर्चीत, चाकासमोर बसले. चाक महिनाभर लावायचं नाही असा हुकूम होता, पण नुसतं समोर बसायला कुणी बंदी केली नव्हती.

"झोप झाली?" वहिनींनी मागे न वळता विचारलं.

"झोपून झोपून पाठीला मुळं फुटली," उस्ताद म्हणाले.

वहिनींनी सातवा खडा उचलला. त्यात दोन तारे होते.

एक नेहमीचा, दिव्याचा, पांढरा आणि ठसठशीत. दुसरा काठाकडे, लहान, पिवळट. त्याच्या सहाही रेघा थरथरत होत्या.

वहिनी उठल्या. पडद्याची कड पाहिली, वीट जागेवर होती. फोन पालथा होता. भिंतीवरचा आरसा बावीस वर्षांपूर्वीच याच कारणासाठी आत गेला होता. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. पिवळा तारा तसाच. त्यांनी मघाचे सहा खडे पुन्हा पाहिले. आता त्या सगळ्यांत दोन-दोन तारे होते.

मग त्यांनी दिवा बंद केला.

खोलीत मिट्ट काळोख झाला. स्वतःचा हात दिसेना. आणि त्या काळोखात, जिथे ताटली असायला हवी तिथे, बारीक पिवळ्या ताऱ्यांच्या चार ओळी तेवत होत्या.

"दिवा गेला का गं?" मागून उस्तादांनी विचारलं.

"नाही, मीच घालवला." त्यांनी घाईने बटण दाबलं. आपला आवाज नेहमीसारखा आला याचं त्यांना नवल वाटलं.

दिवा कुठे आहे ते ताऱ्यावरून काढता येतं. वहिनींनी एक खडा ताटलीत मध्यभागी ठेवला, दिवा उचलला आणि त्याची वायर ताणत हळूहळू फिरवायला लागल्या. पांढरा तारा खड्यावरून सरकत पिवळ्याकडे निघाला. अजून डावीकडे. थोडं खाली. अजून मागे. नजर खड्यावरच ठेवून, हात लांब करत त्या पाठमोऱ्या सरकत गेल्या. शेवटी पांढरा तारा पिवळ्यावर नेमका जाऊन बसला.

त्यांनी हाताकडे पाहिलं. दिवा उस्तादांच्या डाव्या खांद्याशेजारी होता, वीतभर अंतरावर.

"काय गं," उस्ताद डोळे किलकिले करत म्हणाले, "आता माझी पारख करतेस का? रेघा सहाच आहेत ना?"

३

पुढच्या चार दिवसांत वहिनींनी जमेल तेवढ्या रीतीने स्वतःला खोटं पाडायचा प्रयत्न केला. डोळे तपासून आल्या. नंबर तोच होता. ताटली बदलली, मखमल बदलली, निळ्यांऐवजी लाल खडे काढले. लाल खड्यांतही दुसरा तारा होता आणि तोही पिवळाच होता.

एवढं मात्र कळलं की तो उस्तादांबरोबर असतो. ते आतल्या खोलीत पडलेले असले की पिवळा तारा खड्याच्या त्या बाजूच्या काठाला जाऊन बसे आणि मधलं दार लोटलं की नाहीसा होई. ते खुर्चीत येऊन बसले की परत डाव्या खांद्यापाशी. एकदा ते पाणी प्यायला उठले तेव्हा वहिनी खड्यावर नजर लावून होत्या. तारा त्यांच्यामागून चालत गेला. मागोमाग, एका पावलाच्या अंतराने, जिन्यात म्हाताऱ्या माणसाला कुणी दिवा दाखवत जावं तसा.

नुसत्या डोळ्यांनी त्या जागी काही दिसत नव्हतं. पांघरूण, खुर्चीची पाठ, आणि मागच्या भिंतीवर लाखेच्या काड्यांचा डबा.

न राहवून त्यांनी एक खडा उस्तादांच्या हातात दिला. उस्तादांनी तो दिव्याखाली धरला, भिवया उंचावल्या, आणि जरा वेळाने म्हणाले, "कांडीतच दोष असेल. दोन कांड्या एकीत एक वाढल्या की होतं असं."

"चोवीसच्या चोवीस?"

"माल घेताना तू नव्हतीस बरोबर. मला फसवलं असेल." ते हसले. पण खडा परत देताना त्यांनी डाव्या खांद्यावरचं पांघरूण नकळत सारखं केलं, आणि ते वहिनींनी पाहिलं.

दिवा बंद केला तरी तारा राहतो, हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. मोठ्या मुश्किलीने घरी आलेला माणूस. त्याच्या हृदयावर आता कशाचंही ओझं घालायची त्यांची तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांना अजून धड भीतीही वाटत नव्हती. रात्री अंथरुणावर पडल्या की त्या पिवळ्या उजेडाची आठवण येई आणि भीती यायच्या जागी पोटात काहीतरी ऊबदार हलून जाई.

४

शिंपीदादांना भेटायचं होतंच. माणसाने नवरा परत आणून दिला, त्याला नुसतं तोंडी 'उपकार झाले' म्हणून कसं भागेल? एका सकाळी वहिनी चहाचे दोन कप घेऊन खाली गेल्या. दादा मशीनवर वाकून अस्तर शिवत होते. डोक्यावरच्या छताला ओलीचा मोठा डाग होता, उस्तादांच्या चाकाचं पाणी बरोबर तिथेच झिरपायचं. त्यावरून दोन मजल्यांत वर्षानुवर्षं भांडण चालू होतं.

"दादा, एक मोठा निळा खडा तुमच्यासाठी काढून ठेवलाय. हे बरे झाले की पहिला तोच घासणार. अंगठीच्या मापाला बोट द्या."

दादांनी बोटं मागे घेतली. "अंगठी? वहिनी, माझ्या बोटात अंगठी म्हणजे प्रत्येक रेशमी कापडाचा धागा ओढला जायचा. गिऱ्हाईक मला उभं जाळेल."

"मग लोलक?"

"या वयात?" दादांनी दोरा दाताने तोडला. "मी शिंपी माणूस. द्यायचंच असेल तर बटण करून द्या. कोटाला लावीन. बघू दे लोकांना, शिंप्याच्या कोटाला तारा."

वहिनी हसल्या. मग कपाच्या कडेवर बोट फिरवत त्यांनी विचारलं, "दादा, त्या दिवशी तुम्ही वर कसे काय आलात? यांनी हाक मारली?"

"हाक कसली. भांडायला निघालो होतो," दादा ओशाळून म्हणाले. "नव्या कापडावर पाणी टपकलं. म्हटलं, आज उस्तादांना सोडायचं नाही. पण खरं सांगू? रागावलो तरी जिना चढायचा कंटाळा. तसाच बसलो असतो. तेवढ्यात जिन्यात तुम्ही दिसलात."

"मी?"

"म्हणजे तुम्ही नव्हे, तुमचा उजेड. हातात मेणबत्ती घेऊन माणूस वर जातं ना, भिंतीवर उजेड हलत हलत चढतो, तसा. मला वाटलं वीज गेली आणि तुम्ही मेणबत्ती घेऊन चाललात. म्हटलं, वहिनी आहेत, त्यांच्यासमोर चार शब्द ऐकवू. म्हणून मागून चढलो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "वर आलो तर दार सताड उघडं, उस्ताद जमिनीवर. तुम्ही कुठे गेलात ते बघायला कोणाला वेळ होता?"

"दादा, मी तेव्हा सोनारांकडे होते. तुमच्यानंतर अर्ध्या तासाने आले."

मशीनचं चाक दादांच्या हाताखाली सावकाश थांबलं. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"वीजही गेली नव्हती," ते हळूच म्हणाले. "इस्त्री तापत होती माझी."

मग वहिनींनी कप गोळा केले आणि दाराशी जाऊन त्या रिकाम्या जिन्याला, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, हात जोडले.

५

महिना पुरा झाला. डॉक्टरीणबाईंनी दिवसातून अर्धा तास चाक लावायला परवानगी दिली. उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिंपीदादांचा खडा काडीवर चढवला. दुपारचे चार वाजले असतील. पाठीमागे चाकाची ओळखीची घरघर सुरू झाली. हा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल असं वहिनींना वाटलं नव्हतं. समोर चोवीस खडे, प्रत्येकात दोन तारे. दुसऱ्या ताऱ्याची आता सवय झाली होती. शेजारच्या घरातला दिवा रोज दिसावा आणि आपलं माणूस आहे असं वाटावं, तसं झालं होतं.

मग डाव्या कडेच्या चार खड्यांतले पिवळे तारे विझले.

पांढरे तसेच होते. फक्त पिवळे गेले. लगेच शेजारचे चार गेले, आणि डाव्या कडेचे परत आले. मग पुढचे चार. अंधाराची उभी पट्टी ताटलीवरून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत गेली. पेटत्या दिव्यासमोरून कुणी चालत गेलं की भिंतीवरून सावली सरकते, अगदी तशी.

वहिनींचा चिमटा हवेत राहिला. जिथे तो न दिसणारा पिवळा दिवा आहे तिथून त्यांच्या बाकापर्यंत चार पावलांची मोकळी जमीन होती. त्या चार पावलांतून काहीतरी आडवं गेलं होतं. त्याच्या पावलांचा आवाज झाला नव्हता.

चाकाची घरघर मंदावली.

"अगं," उस्ताद म्हणाले, "खिडकी उघडी राहिली का? मानेवर गार वारा आला."

वहिनींनी वळून पाहिलं. पडदा निश्चल होता. वीट जागेवर होती. उस्तादांनी छातीवर हात ठेवला होता आणि त्यांच्या ओठांचा रंग उतरला होता.

पुढचं सगळं वहिनींनी एका दमात केलं. पडदा खसकन बाजूला सारला, जिभेखाली ठेवायची गोळी दिली, पाठीशी उशी लावली, गल्लीकडे तोंड करून दादांना हाक मारली. दादा दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले. उन्हात खोली होती तशीच होती. बाक, चाक, डबा. पाच मिनिटांत उस्तादांच्या ओठांवर रंग आला. "उगाच घाबरलात," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. त्यांना काही वावगं सापडलं नाही. "गारठ्यापासून जपा," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री वहिनींनी सगळ्याची जुळणी केली. भीती वाटायला हवी होती ती दिव्याची नव्हे, हे आता स्पष्ट होतं. दिवा धरणारा एक होता. आणि आडवा जाणारा दुसरा.

६

दुसऱ्या दिवशी तसं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेनंतर पिवळा तारा परत आला तो आधीहून लहान होता, आणि त्याच्या रेघा इतक्या थरथरत होत्या की सहा आहेत की आठ ते मोजता येईना.

उस्ताद खुर्चीत बसले होते. शिंपीदादांचा खडा सकाळीच पुरा करून, चकाकी देऊन त्यांनी वहिनींच्या बाकावर ठेवला होता. जांभळाएवढा मोठा, निळा, घुमट असा गुळगुळीत की त्यात खोली दिसावी.

खोली दिसावी. हा विचार मनात आला तशी वहिनींनी भिंग उचललं.

घासलेल्या घुमटात आजूबाजूचं सगळं दिसतं, फक्त बारीक आणि वाकलेलं. पारखणारा माणूस ते पाहत नाही, त्याची नजर त्याखालच्या ताऱ्यावर असते. वहिनींनी बावीस वर्षांत पहिल्यांदा तारा सोडून वरचं प्रतिबिंब पाहिलं. दिवा म्हणजे एक पांढरा कण. स्वतःची बोटं अवाढव्य. खूप मागे, काठाकडे कलंडलेली खुर्ची आणि तीत पांघरुणातले उस्ताद, तांदळाच्या दाण्याएवढे.

त्यांच्या डाव्या खांद्याशी एक हात होता.

मनगटापर्यंतच दिसत होता. मनगटामागचा भाग घुमटाच्या वळणात गेला होता. पुरुषाचा की बाईचा, कळत नव्हतं. बोटं एकमेकांना चिकटवून तळवा खोलगट केलेला, वाऱ्यात ज्योत विझू नये म्हणून आपण आडवा धरतो तसा. ज्योत दिसत नव्हती. बोटांच्या फटींतून तिचा तांबूस उजेड मात्र झिरपत होता. आणि तो हात थरथरत होता. भरलेली बादली फार वेळ उचलून धरली की कोपरापासून हात थरथरतो, तसा. जो कोणी होता तो पार थकून गेला होता, तरी त्याने हात खाली घेतला नव्हता.

वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. हात कशाला आडवा धरलाय, हे बघायचं राहिलं होतं.

त्या हाताची पाठ भिंतीकडे होती. तिथे, घुमटाच्या अगदी काठाशी, काळोख होता. काठाशी काळोख असतोच, त्यात वेगळं काही नाही. पण हा काळोख एका जागी गोळा होत होता. फुंकर घालायच्या आधी ओठ जुळून येतात तसा.

वहिनींनी भिंग खाली ठेवलं. त्या काठाकडे त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नाही.

७

उस्ताद आजही आहेत, हे इथेच सांगून टाकायला हवं. ते रोज अर्ध्या तासाचा एक तास करून चाक चालवतात आणि शिंपीदादा निळं बटण लावलेला कोट भर उन्हाळ्यातही उतरवत नाहीत. जे झालं ते त्याच दुपारी, पुढच्या काही मिनिटांत झालं.

वहिनींनी नवऱ्याला सगळं सांगितलं. काळोखात उरणारे तारे, जिन्यातला उजेड, आडवं जाणारं, हात. भिंतीजवळच्या त्या गोष्टीबद्दल फक्त "वारा आहे तिथे" एवढंच म्हणाल्या. उस्ताद हसतील अशी त्यांना भीती होती. ते हसले नाहीत.

"दवाखान्यात शुद्धीवर येताना," ते म्हणाले, "मला वाटत होतं की आपण कुणाच्या तरी आडोशाला आहोत. पावसात कुणी आपल्यावर छत्री धरावी आणि स्वतः भिजावं, तसं. वाटलं, औषधाची गुंगी असेल. म्हणून बोललो नाही." त्यांनी हात पुढे केला. "खडा दे इकडे. भिंगही दे."

"तुम्ही प्रतिबिंब बघू नका. फक्त तारा बघा."

"बरं. आणि तू?"

वहिनी खुर्चीच्या डाव्या अंगाला आल्या. जागा रिकामी होती. पळून जावंसं वाटत होतं, खाली शिंपीदादांच्या मशीनची टकटक ऐकू येत होती आणि तिच्याइतका गोड आवाज जगात नाही असं वाटत होतं. त्यांनी उजवा हात उचलला. बोटं जुळवली, तळवा खोलगट केला, आणि नवऱ्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर, हाताची पाठ भिंतीकडे ठेवून, हवेत आडवा धरला.

तळव्याला ऊब लागली. दिव्यावर हात शेकावा तशी.

आणि हाताच्या पाठीवर वारा आला. बंद खोलीत, हलत्या पडद्याशिवाय, बारीक, सलग आणि बर्फासारखा गार. कुणाच्या तरी तोंडातून यावा तसा तो थांबून, दम घेऊन पुन्हा यायचा. वहिनींच्या अंगावर मानेपर्यंत काटा आला. त्यांनी दात आवळले. भिंतीकडे मात्र पाहिलं नाही.

"अगं," उस्तादांचा आवाज घोगरा झाला होता. "थरथर थांबली. मोठा झाला. सहाच्या सहा रेघा, काठापर्यंत."

"तुम्हाला कसं वाटतंय?"

त्यांनी एक खोल श्वास घेतला आणि सावकाश सोडला. "बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय." मग जरा थांबून, "तू किती वेळ उभी राहणार अशी?"

"बघू. त्यांनी किती दिवस धरला असेल."

"कुणी?"

"ज्यांनी धरला त्यांनी."

वहिनींचा हात अवघडायला लागला होता, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. कुणाला म्हणायचं ते ठाऊक नव्हतं, तरी त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "बसा हो थोडं. मी आहे."

क्षणभर काही झालं नाही. मग त्यांच्या बोटांना लागून असलेलं काहीतरी सैल झालं, आणि कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी फार दिवसांचा कोंडलेला श्वास सोडला.

त्यासरशी वारा दुप्पट झाला. आता तो सगळा वहिनींच्या हातावर होता. त्यांनी हात हलू दिला नाही.